एकच किल्ला जमणार असेल तर किर्बी मक्सलो

लेस्टरला पाहुणा आला की त्याला इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याच्या थडग्यापुढे नेऊन उभं करायचं, असा इथला रिवाज दिसतो. २०१२ मध्ये कार पार्कखाली राजाचा सांगाडा सापडला, २०१५ मध्ये तो कॅथीड्रलमध्ये पुन्हा पुरला आणि तेव्हापासून शहराची चांदी आहे. मलाही लेकीनं नेलं. छान आहे, स्वच्छ आहे, बघून घ्या. पण या रिचर्डनं ज्या माणसाचं डोकं खटलाबिटला न चालवता एका दिवसात उडवलं, त्याचे दोन किल्ले गाडीनं तासाभराच्या आत आहेत आणि तिकडे पाहुण्यांना कुणी नेत नाही. जावईबापूंना दोन वेळा सांगावं लागलं, तेव्हा गाडी निघाली. हा रिव्ह्यू त्या दोन किल्ल्यांचा: अ‍ॅशबी डी ला झूश आणि किर्बी मक्सलो.

माणसाचं नाव विल्यम, लॉर्ड हेस्टिंग्ज. आपल्या शाळेच्या पुस्तकातला वॉरन वेगळा, हा त्याच्या तीनशे वर्षं आधीचा. मी साताऱ्याची, आयुष्य गेलं लेखापरीक्षणात. त्यामुळे एखादा वाडा दिसला की आधी मनात येतं, पैसा कुठून आला? या माणसाच्या बाबतीत त्याचं उत्तर बऱ्यापैकी सापडतं, म्हणून मला या दोन जागा इतक्या आवडल्या. तटबंदी आणि तोफा बघायला जाणाऱ्यानं हे आधीच समजून घ्यावं.

सुरुवात अगदी बेताची. बाप सर लेनर्ड हेस्टिंग्ज हा लेस्टरशर-वॉरिकशरमधला मध्यम जमीनदार, ड्यूक ऑफ यॉर्कच्या पदरी चाकरीला. तो १४५५ मध्ये वारला आणि बापाच्या जागी मुलगा लागला. १४५६ मध्ये ड्यूककडून त्याला तनखा मिळू लागला, वर्षाला १० पौंड. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. यॉर्क आणि लँकेस्टर या राजघराण्याच्या दोन शाखांत गादीसाठी लढाया चालू होत्या, त्यात १४६० च्या डिसेंबरात वेकफील्डला ड्यूक मारला गेला. त्याचा अठरा वर्षांचा पोरगा एडवर्ड फेब्रुवारीत मॉर्टिमर्स क्रॉसची लढाई जिंकला आणि २९ मार्च १४६१ ला टाउटनला, ऐन बर्फात, राज्यच जिंकला. हेस्टिंग्जला सरदारकीची तलवार त्याच रणावर खांद्याला लागली. पुढच्या चारेक महिन्यांत तो लॉर्ड झाला, राजाचा लॉर्ड चेंबरलेन झाला आणि लंडनच्या टॉवरमधल्या टांकसाळीचा प्रमुखही झाला. आमच्याकडे एवढ्या वेळात नुसती सेवापुस्तिका तालुक्याहून जिल्ह्याला पोचत नाही.

चेंबरलेन म्हणजे राजाच्या खाजगी दालनांचा कारभारी. राजाला कोण भेटणार, कुणाचा अर्ज आत जाणार, कुठल्या वेळेला जाणार, हे त्याच्या हातात. मंत्रालयात साहेबाच्या केबिनबाहेर जो पीए बसतो, त्याची ताकद ज्यांनी पाहिली आहे त्यांना जास्त सांगायला नको. फरक एवढाच, की हा पीए साहेबाचा जिवलग होता, त्याच्याबरोबर लढायचा, दारू प्यायचा आणि बाकीचे नको ते उद्योगही करायचा. १४६१ पासून राजा मरेपर्यंत ही खुर्ची त्याच्याकडेच राहिली. मध्ये १४७०-७१ चा एक खंड, तेव्हा राजाच गादीवर नव्हता. टांकसाळीतही त्यानं नुसता मान घेतला नाही. १४६४ मध्ये चांदीच्या पेनीचं वजन १५ ग्रेनवरून १२ वर आणलं, सोन्याच्या नोबलची किंमत ६ शिलिंग ८ पेन्सवरून ८ शिलिंग ४ पेन्स केली, आणि पुढच्या वर्षी एंजल नावाचं नवं नाणं काढलं. राजाला यात चांगला नफा झाला. नाणं हलकं करून तिजोरी जड करायची विद्या जुनीच आहे.

आता अ‍ॅशबी. लेस्टरपासून वायव्येला, गाडीनं जाणं बरं. गावात पॅसेंजर रेल्वे १९६४ पासून नाही. हा मुळात दुसऱ्याचा वाडा. मालक अर्ल ऑफ विल्टशर हरलेल्या बाजूचा, १४६१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला, मालमत्ता जप्त आणि पुढे राजानं ती लाडक्या चेंबरलेनला दिली. १४७४ मध्ये त्याला अ‍ॅशबी, किर्बी, बॅगवर्थ आणि यॉर्कशरमधलं स्लिंग्जबी अशा चार ठिकाणी तटबंदी उभारायचा शाही परवाना मिळाला, वर अ‍ॅशबीला शिकारीसाठी ३००० एकर कुंपणात घ्यायची मुभा. परवान्याचा उपयोग त्यानं कसा केला ते समोर उभं आहे: हेस्टिंग्ज टॉवर, २४ मीटर उंच, जाडजूड, दगडी, आणि बरोबर मधोमध फाटलेला.

फाटला तो नंतर, सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात. किल्ला राजाच्या बाजूनं लढला, १६४६ मध्ये शरण आला आणि नंतर जिंकलेल्यांनी टॉवरची एक बाजू उडवून दिली. त्याचा आपल्याला फायदा असा, की इमारतीचा उभा छेदच बघायला मिळतो. मजल्यांच्या फळ्या केव्हाच गेल्या, पण शेकोट्या भिंतीला जिथल्या तिथे चिकटून आहेत, एकीच्या डोक्यावर एक, मध्ये नुसती हवा. खालचा मजला कोठीचा, मग स्वयंपाक, त्यावर बैठक आणि सगळ्यात वर साहेबांचं खाजगी. खालची शेकोटी साधी आहे, वर नक्षी आहे. म्हणजे पैसा कुठपर्यंत दाखवायचा आणि कुठे वाचवायचा, हे बांधणाऱ्याला नीट कळत होतं.

छपराच्या शिशाबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जप्त झालेल्या इस्टेटींत लॉर्ड रूसचा बेल्वॉर किल्लाही हेस्टिंग्जच्या वाट्याला आला होता. सोळाव्या शतकात देशभर फिरून नोंदी करणाऱ्या जॉन लीलंडनं लिहून ठेवलंय, की हेस्टिंग्जनं बेल्वॉरची छपरं उघडी करून तिथलं शिसं अ‍ॅशबीच्या बांधकामाला नेलं. एका कामाचं साहित्य दुसऱ्या कामावर वापरणे: हा पॅरा मी किती वेळा लिहिलाय ते विचारू नका.

जिना गोल, अरुंद आणि चांगलाच उंच आहे. गुडघे कुरकुरत असतील तर वर जायचा हट्ट धरू नका, नातवाला पाठवा आणि फोटो मागवा. मी गेले. वरून गाव, चर्च आणि सपाट हिरवळ दिसते, आणि ३००० एकर म्हणजे किती, याचा थोडा अंदाज येतो. खाली स्वयंपाकघराकडून टॉवरकडे जाणारा भुयारी रस्ता आहे, तो बहुधा त्या यादवीच्या वेळचा. पोरांना दुसरं काही नको, तेवढ्यावर तासभर निघतो. गावात जिथे चहा घेतला त्या दुकानाचं नाव लिहीत नाही, पण थर्मास घरून न्यावा.

अ‍ॅशबीला उभं राहून साताऱ्याच्या बाईला आणखी एक गोष्ट आठवणं भाग होतं. हे घराणं पुढे अर्ल ऑफ हंटिंग्डन झालं, आणि त्याच घराण्यातल्या मुलीचा मुलगा फ्रान्सिस रॉडन हा मामाची इस्टेट आणि हेस्टिंग्ज हे आडनाव घेऊन १८१३ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला. मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज तो हाच. त्याच्याच कारकिर्दीत १८१८ साली पेशवाई बुडाली आणि साताऱ्याच्या छत्रपतींना पुन्हा गादीवर बसवून त्यांच्या बाजूला रेसिडेंट नेमला गेला. टॉवरवर कोरलेली घराण्याची चिन्हं मी मग जरा वेगळ्या नजरेनं पाहिली. जावईबापू म्हणाले, "आई, चला, पाऊस येतोय." आला.

किर्बीला जाताना वाटेत मी गाडीत सगळ्यांना जो किस्सा सांगितला तो इथेही सांगते, कारण हेस्टिंग्ज कळायला तो फार उपयोगी आहे. १४६४ च्या एप्रिलात एलिझाबेथ नावाची एक विधवा त्याच्याकडे आली. नवरा सर जॉन ग्रे पुढे हरलेल्या बाजूकडून लढताना मेलेला, दोन लहान मुलगे, आणि जमिनीवरून सासूशी भांडण. दरबारात आपली बाजू घेणारं कुणी पाहिजे होतं. १३ एप्रिलला करार झाला: तिच्या मुलाचं लग्न हेस्टिंग्जच्या मुलीशी लावायचं, जी अजून जन्मालाही आलेली नव्हती, ती नाही जन्मली तर घराण्यातली दुसरी चालेल, आणि सुटून येणाऱ्या जमिनीच्या उत्पन्नात अर्धा वाटा साहेबांचा. अडलेल्या बाईकडून त्यानं चोख मोबदला लिहून घेतला. आणि १ मे रोजी, म्हणजे तीन आठवडेही उलटले नव्हते, त्या बाईनं गुपचूप लग्न केलं. कुणाशी? राजाशी. चेंबरलेनच्या दाराबाहेर ताटकळणारी बाई दुसऱ्या दारानं थेट आत! करार अर्थातच बारगळला. तिच्या माहेरच्यांशी, वुडव्हिलांशी, त्याचं पुढे कधी धड जमलं नाही. आणि दहा वर्षांनी तिनं आपल्या त्याच मुलाला सून केली ती हेस्टिंग्जचीच सावत्र मुलगी, मोठी वारसदार सेसिली. या वेळी अटी राणीच्या होत्या.

अर्थात तो नुसता दारात बसून खाणारा नव्हता. १४७० मध्ये एडवर्डला किंग्ज लिनहून जहाजात बसून पळावं लागलं, तेव्हा हेस्टिंग्ज बरोबर होता. राजावर उलटलेला सरदार, अर्ल ऑफ वॉरिक, हा त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ, तरी हा राजाबरोबर गेला. मार्च १४७१ मध्ये परतले तेव्हा लेस्टरला राजाला जी ३००० माणसं येऊन मिळाली ती मुख्यतः याच्या शब्दावर. बार्नेटला धुक्यात त्याची फळी फुटली, पण लढाई जिंकली. ट्यूक्सबरीलाही तो होता. बक्षीस म्हणून कॅले मिळालं, समुद्रापलीकडचं ते ठाणं, जिथे इंग्लंडची कायमची फौज असायची. त्याच्याशी लेखी करारानं बांधलेले नव्वदच्या आसपास लोक होते, आणि त्यातल्या जवळजवळ कुणालाच तो रोख पगार देत नसे. 'तुमचं काम पडलं तर मी आहे' एवढ्या शब्दावर माणसं राबायची. राजाच्या दाराची किल्ली खिशात असली की पगारपत्रक लागत नाही.

किर्बी मक्सलो लेस्टरच्या पश्चिमेला अगदी जवळ आहे, आणि पहिल्या नजरेत निराशा होते. डोंगर नाही, चढ नाही. अजिंक्यतारा रोज चढणाऱ्या माझ्यासारखीला तर याला किल्ला म्हणवत नाही. सपाट जमिनीत चौकोनी खंदक, त्यात पाणी, पाण्यात बदकं, मधल्या बेटावर लाल विटांचा एक अर्धवट दरवाजा आणि एका कोपऱ्यात एकच पुरा बुरूज. बाकी सगळा पाया. मधोमध जुन्या वाड्याच्या खुणा, तो घराण्याचा आधीचा, लेनर्डच्या वेळचा. ज्या वाड्यातून १० पौंडांचा माणूस बाहेर पडला, त्याच्याभोवती त्यानं हा नवा विटांचा चौकोन टाकायला घेतला होता.

काम १४८० च्या ऑक्टोबरात सुरू झालं, आणि ऑक्टोबर १४८० ते डिसेंबर १४८४ चे हिशेब टिकून राहिलेत! मला तर गूळच सापडला. गवंड्यांचा मुख्य जॉन काउपर, आधी टॅटरशॉलला काम केलेला. वीट हे त्या काळी खानदानी लोकांचं नवं वेड होतं. एकूण खर्च १०८८ पौंडांच्या आसपास. सुरुवातीच्या १० पौंडांच्या तनख्याशी ताडून पाहा. शंभर वर्षांचा तनखा एका अर्धवट इमारतीत गेला. मजुराला तेव्हा दिवसाला चारेक पेन्स मिळत.

दरवाजाच्या भिंतीजवळ जा, अगदी जवळ. तांबड्या विटांत मधूनमधून काळपट, जास्त भाजलेल्या विटा दिसतील. त्या तशाच बसवल्यासारख्या वाटतात. चार पावलं मागे आलात की त्यांची अक्षरं होतात: डब्ल्यू आणि एच. मालकानं आपलं नाव भिंतीत विणून घेतलंय. पलीकडे एक जहाज आहे, एक सुरई आहे, आणि एक लांब लोंबती अस्तनी, हे हेस्टिंग्ज घराण्याच्या ढालीवरचं चिन्ह. काळ्या विटेचा कोपरा बोटानं चाचपून पाहिला. गुळगुळीत आहे, काचेसारखा तकाकतो, शेजारची लाल वीट मात्र खरखरीत. भट्टीत आगीजवळ राहिलेली वीट अशी होते. उन्हात ती चिन्हं पुसट दिसतात. पाऊस पडून गेल्यावर भिंत ओली असताना ठसठशीत उठतात, म्हणून आमचा तो पाऊस कामाला आला.

त्या अस्तनीपुढे मी बराच वेळ उभी होते, त्याला कारण आहे. १४७५ मध्ये एडवर्ड फ्रान्सवर फौज घेऊन गेला आणि लढाई न करता पिकिन्यीला पैसे घेऊन परत आला. फ्रान्सच्या अकराव्या लुईनं राजाला तर वर्षासन लावलंच, दरबारातल्या मोठ्यांनाही लावलं. हेस्टिंग्जला वर्षाला २००० क्राउन. बर्गंडीच्या ड्यूककडून त्याचे १००० क्राउन आधीपासून चालू होते, म्हणजे दोन शत्रूंच्या दोन्ही पगारपत्रकांवर! लुईच्या सेवेतल्या फिलिप द कॉमिननं पुढची हकीकत नोंदवली आहे. लुईचा माणूस पैसे घेऊन आला आणि रीतसर पावती मागू लागला. बाकीच्यांनी दिली होती. हेस्टिंग्ज म्हणाला, ही तुमच्या राजाची खुशी, मी मागितलेलं नाही. द्यायचे असतील तर माझ्या अस्तनीत टाका, पण इंग्लंडचा चेंबरलेन फ्रान्सच्या राजाचा पगारी होता असा कागद मी त्यांच्या हिशेबखात्यात राहू देणार नाही. पैसे टाकले गेले. लुईला हा माणूस बाकीच्यांपेक्षा जास्त पसंत पडला आणि पावतीशिवाय वर्षासन चालू राहिलं. नोकरीत 'पावती नाही' हा आक्षेप मी उभा जन्म काढला, पण ती का देणार नाही हे इतकं स्वच्छ सांगणारा अधिकारी मला भेटला नाही.

९ एप्रिल १४८३ ला राजा गेला. वारस बारा वर्षांचा, आणि तो वुडव्हिलांच्या ताब्यात. हेस्टिंग्ज अडून बसला: पोराबरोबर २००० पेक्षा जास्त माणसं आणायची नाहीत, नाहीतर मी कॅलेला निघालो. आणि त्यानं राजाच्या भावाला, म्हणजे पुढे तिसरा रिचर्ड झालेल्या त्याच रिचर्डला, पाठिंबा दिला. १३ जूनला लंडनच्या टॉवरमध्ये बैठक होती. रिचर्डनं भर बैठकीत त्याला पकडवलं आणि त्याच दिवशी मान उडवली. पुढे रिचर्डचा इतिहास लिहिणाऱ्या थॉमस मोरच्या लिखाणावर विश्वास ठेवायचा तर अस्तनीतला निखारा होता विल्यम केट्सबी, हेस्टिंग्जनंच वर आणलेला वकील. त्यालाही दोनच वर्षं मिळाली. बॉझवर्थच्या लढाईत रिचर्ड पडल्यावर तीन दिवसांनी लेस्टरमध्येच त्याचा शिरच्छेद झाला.

किर्बीचं काम त्या जूनमध्येच थांबलं, आणि ते कुठे थांबलं ते भिंतीवर दिसतं. दरवाजाचे बुरूज एका उंचीपर्यंत येऊन संपतात. रिचर्डनं जुलैत विधवा कॅथरीनशी लेखी करार करून तिला आणि मुलाला संरक्षण दिलं, घराणं आणि जमिनी वाचल्या, आणि तिनं थोडी माणसं लावून काही काळ काम चालवलं. तात्पुरतं छप्पर घालण्यापुरतं, पडझड होऊ नये म्हणून. पुढच्या पिढ्या अ‍ॅशबीलाच राहिल्या. इथे कुणी पैसा ओतला नाही, म्हणून इथे १४८३ जसंच्या तसं राहिलं. अ‍ॅशबीला त्यावर दीडशे वर्षांचे थर चढले आणि वर सुरुंग लागला. माझं मत किर्बीकडे झुकतं ते यासाठी.

गुण द्यायचे तर अ‍ॅशबीला पाचपैकी साडेतीन, किर्बीला साडेचार. अर्धा कापला कारण आत बघण्यासारखं तासाभरात उरकतं आणि गोष्ट माहीत नसेल तर पंधरा मिनिटांत. दोन्ही इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहेत. अ‍ॅशबीला तिकीट लागतं, मेंबरशिप असेल तर सुटतं. किर्बी रोज उघडं नसतं, निघायच्या आधी वार आणि वेळ वेबसाइटवर बघा. दोन्ही एका दिवसात होतात; सकाळी अ‍ॅशबी, दुपारनंतर किर्बी, कारण उतरत्या उन्हात विटांचा रंग चांगला दिसतो. गवत ओलं असतं, चपला नकोत. डबा न्या. जेवायला हॉटेल शोधत बसाल तर लेस्टरला परतच जा, बेलग्रेव्ह रोडवर पोटभर मिळतं.

आणि ज्याला स्वतः हेस्टिंग्जलाच भेटायचं असेल त्यानं विंडसर गाठावं. राजानं हयातीतच त्याला सेंट जॉर्ज चॅपलमध्ये आपल्याजवळ जागा देऊ केली होती, हेस्टिंग्जच्या मृत्युपत्रात तसं लिहिलंय, आणि मारणाऱ्या रिचर्डनं तेवढा शब्द पाळू दिला. एडवर्डच्या थडग्याजवळच त्याचं छोटं देवघर आहे, आत संत स्टीफनची रंगवलेली चित्रं. आत फोटो काढू देत नाहीत, आणि रविवारी चॅपल पर्यटकांना बंद असतं, तेव्हा तिकीट इतर वारचं काढा.